टेपचं दुसरं टोक

दस्तनोंदणीच्या कार्यालयात, खिडकीपुढच्या रांगेत माझ्या मागे एक शिंपी आणि त्याची मोठी बहीण उभे होते.

“कागदावर प्लॉटची रुंदी चाळीस फूट. काल मी पावलांनी मोजली, तर जेमतेम सदतीस भरली. तीन फूट गेले कुठे?”

“शेजाऱ्याची भिंत जरा आत आली असेल, ताई.”

“जरा? त्याची अख्खी न्हाणी आपल्या जागेत आहे! तू मोजलं नव्हतंस?”

“मोजलं की. टेप लावून. बरोबर चाळीस.”

“दुसरं टोक कोणी धरलं होतं?”

“शेजाऱ्यानेच. स्वतःहून धावत आला बिचारा.”

“आणि कुठे धरलं होतं?”

“मध्ये झाडी होती. तो ओरडला, भिंतीला टेकवलंय म्हणून.”

“न्हाणीत उभा राहून ओरडला असेल! अरे, जन्मभर लोकांची मापं घेतोस. गिऱ्हाइकाला कधी म्हणालास, तुमची कंबर तुम्हीच मोजून सांगा?”

“राहायला जायच्या आधीच भांडण कशाला?”

“तो तीन फूट गिळून ढेकर देणार आणि भांडखोर आपण? आधी सरकारी मोजणी. तोवर सही करायची नाही. सांग त्या विकणाऱ्याला.”

“पण साक्षीदार येऊन बसलाय.”

“कोण साक्षीदार?”

“शेजारीच. तो बघ, पंख्याखालच्या खुर्चीवर.”

“तिथे मी जागा धरून पिशवी ठेवली होती!”

“हो. ती त्याने जरा सरकवली.”