दगडाखालचे घरजावई

हात नका लावू हो, फाटेल! — नुसतं बघा. रेशीमच आहे, मग काय — मर्गिलानसारख्या रेशमाच्या गावात दगड उचलला की दुसरं काय निघणार? पण आपले रेशीमकिडे नव्हेत हे. ते आत पडलेत तुतीचा पाला चरत, आळशी लेकाचे. हे विणकिडे. पुढच्या पायांनी विणतात, बोतिरदाजी! — दाजी म्हटलं तर चालेल ना? अजून लग्न पक्कं करायची रोटी मोडली नाही म्हणा.

तो बोगदा दिसतोय का, रेशमाचा? त्यात ती जाडी — ती आई. पोरी सगळ्या तिच्यापाशी. तिथंच विणायचं, तिथंच खायचं, बाहेर कुणी डोकावलं की उलट्या पळायचं — उलट्या, पण सुलट्याइतक्याच जोरात! डिट्टो आमचं घर. आजी, आई, मावशी आणि तुमची होणारी बायको, नोदिराताई — चौघी मागावर. आणि नवरा? नवरा येतो बाहेरनं. घरजावई! आल्यावर जेवण बंद. आईशप्पथ! जबडा असतो हा एवढा, पण खायला नाही — बायकोचं डोकं धरून ठेवायला. नाहीतर निसटते ना ती! मग? मग काय, मरतो उपाशी. कधीकधी तर बायकाच त्याला — जाऊ दे, तुमचा पुलाव अजून पोटात आहे.

हसताय काय? ताईनं एकदा मला लाटणं घेऊन गल्लीभर पळवलंय. विचारा कुणालाही.

मी कशाला घाबरवू तुम्हाला? माझा काय फायदा? — या ना, खुशाल राहा! माझी खाट घ्या, मला काय करायचीय — बाबांनी फोनवर सांगितलंयच, जावई घरात आला की पोराला धाडा इकडं मॉस्कोला, विटा उचलायला — नाही नाही, तसं नाही! मी कुठं काय म्हटलं?

चहा घ्या. हो, काठोकाठच भरलाय. तुमच्या गावात पाहुण्याच्या हातात भरलेला पेला दिला की पाहुण्यानं काय करायचं असतं? — उठून घरी जायचं असतं! अहो, पिताय काय? — आणि वर फुंकर मारून!

अजून एक?...

बरं. घ्या.

दाजी — तुम्ही पण तिकडनंच, मॉस्कोहूनच आलात ना? विटांवरनंच? — नाही, सहज. खोलीत किती जण झोपतात हो? आणि थंडीत — शेगडी तरी देतात ना?

दाजी?

भरला पेला खाली का ठेवलात?