सोफा लांब जायला हवा

नाही नाही, वास नव्या कापडाचा आहे. खोळ कालच चढवली ना! बसा तुम्ही, आरामात टेका. राहता कुठे? नदीपलीकडे? उत्तम — म्हणजे आमचे हे तिथवर काही यायचे नाहीत. अहो, सोफा परत आणायला! दोनदा कचऱ्यापाशी ठेवून आले मी, दोनदा हे पाठीवर घालून घेऊन आले — आईचा सोफा म्हणून. आज संध्याकाळी हे दवाखान्यातून घरी येतायत, त्याआधी सोफा गेला पाहिजे.

काय झालं होतं? फुप्फुसात बुरशी. नाही हो, सोफ्याची कशाला — म्हणजे सोफ्यातलीच, पण त्यात सोफ्याचा काय दोष? मागच्या भिंतीतला नळ झिरपत होता, आतला कापूस भिजला — उठू नका, सुकलाय आता! आणि डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, बुरशीची पूड हवेत असतेच, सगळ्यांच्याच छातीत जाते. काही कफाबरोबर वर ढकलली जाते, उरलेली आत राखणीला बसलेल्या पेशी गिळून टाकतात — ढेकरही देत नाहीत. त्यातूनही एखादा कण रुजला, त्याला धागे फुटले, की रक्तातून पांढऱ्या पेशींची पलटण धावते. त्या म्हणे स्वतःच्या आतलं जाळं काढून बुरशीवर फेकतात आणि मरतात. मरतात हो! मला तर रडूच आलं. नणंदबाई म्हणाल्या, नवरा खाटेवर पडलाय आणि तू पेशींसाठी रडतेस?

पण मी म्हणते, मीही याच सोफ्यावर बसते की! मला साधी शिंक नाही. एवढं मी जरा मोठ्यानं बोलून गेले, तर हे नाकात नळी असताना उठून बसले — "म्हणजे तुझी फुप्फुसं माझ्यापेक्षा भारी?" नणंदबाई लगेच, "आमच्या घराण्यात कुणाची छाती अशी नव्हती, लग्नानंतरच झालं हे." जुंपली ना वॉर्डात — कोणाचे राखणदार झोपाळू! शेवटी डॉक्टरीणबाई ओरडल्या, राखणदार याच गृहस्थांनी झोपवलेत. गुडघ्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, त्याही मनानंच, दुप्पट, महिनोन्‌महिने! गुडघे झाले छान — सोफा पाठीवर घेऊन जिना चढत होते — आणि छातीत मात्र कुणी उठायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त आलं. मग नाही कोणी भांडलं. नणंदबाईंनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. वाचले हो. आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय? माझं नाव? छे! "घरी गेलो की आधी सोफ्यावर बसणार."

तर मग कधी उचलताय? पाणी? देते की. गोळी घ्यायचीय? कसली हो? दम्याची — दाखवा बघू. अगं बाई! ही तर तीच, स्टेरॉइडची. रोज घेता? डॉक्टरांनी दिलीय? दिली असेल हो, तुमचं बरोबरच असेल, पण उठा. आधी उठा म्हणते मी! नाही विकायचा मला. आवडला म्हणून काय झालं? फुकटही नाही. आमचे हे? येऊ देत की. मी आडवी होते यावर, चांगले पाय पसरून — बघू कुठे बसतात ते. निघा तुम्ही. आणि असे धापा टाकू नका हो इथे — श्वास बाहेर जाऊन घ्या!