धोंड्यावरची काठी

(ठाणे, नौपाडा, १९५४. प्राध्यापक हरिहर फडणीस यांचं घर. बायको सुमती सरकारी अर्जाची सुवाच्य प्रत काढून बसली आहे. खाडीकाठच्या दिवा गावची सगुणा समोर आहे. खाडीतली भरती मोजायची काठी वर्षभर तिनंच बघितली.)

सगुणा : तो आकडा फिरून वाचा, वहिनी.

सुमती : वाचला की. भरतीचं सगळ्यात उंच पाणी नऊ फूट, म्हणून बांध अकरा फुटांचा हवा. सरकारनं खाडीच्या अभ्यासाला पैसे ठेवलेत, बांधाचं त्यावरच ठरणार. अंगठा इथं. बाराच्या टपालानं गेलं नाही तर मुदत संपली.

सगुणा : नऊ नाय.

हरिहर : रेघा मोजून तुम्हीच गावच्या शाळेत आकडा लिहवून घेत होतात ना, सगुणाबाई?

सगुणा : काठीनं नऊ दाखवलं, मी नऊ सांगितलं. पन गनपतीत पानी माज्या उंबऱ्याला लागलं. त्याच्या आधी काठी पडली व्हती, मास्तर.

हरिहर : पडली? मग?

सगुणा : मंग काय, मीच उभी केली. चिखलात ठरना. धोंड्यावर ठेवली, बाजूनं दगड लावलं.

हरिहर : धोंडा केवढा?

सगुणा : गुडघ्याएवडा.

हरिहर : म्हणजे काठी तेवढी उंच बसली, आकडा कमी आला; पाणी खरं तर नऊच्या वर. आणि आधी काठी चिखलात किती रुतली होती, तेही कुणाला ठाऊक नाही. कळवलं का नाहीत?

सगुणा : कुनाला कळवू? आखाडात तुमी काठी रोवून गेलाव, ते पुना फिरकलाव नाय. मना वाटलं, काठी पडली सांगितलं त सरकार बांधच देनार नाय.

सुमती : अहो, आहे तसा जाऊ दे. जिल्ह्यातून पाच अर्ज चाललेत, पैसे मिळणार एकाला. आधी मंजूर होऊ देत, मग त्यातूनच नीट मोजा.

हरिहर : पैसे मंजूर झाले की आकडाही मंजूर होतो, सुमती. इंजिनीयर पुन्हा मोजायला येत नाही, बांधायला येतो.

सुमती : आणि खोडलात तर हिच्या शेतात आणखी एक वर्ष खारं पाणी. तिला तरी विचारा.

सगुणा : तीन सालं भात नाय घरात. येताना ठरवूनच आलेली, गप अंगठा द्यायचा.

हरिहर : मग बोललात का?

सगुणा : जुना बांध व्हता तवा माजा भाऊ आनंदा शेतावरच निजायचा. बांध हाय, भ्यायचं काय, म्हनायचा. एका उधानाला पानी बांधावरून आलं. तो खाटेवरनं उतरलाच नाय.

हरिहर : सुमती, आकडा खोड. खाली लिही, काठी हलली, आणि मी वर्षात एकदाही बघायला गेलो नाही.

सुमती : असला अर्ज कोण मंजूर करील?

हरिहर : कुणी नाही. तू लिही.

सगुणा : अंगठा डावा ना?

हरिहर : डावा. सगुणाबाई, यंदा बांध होणार नाही.

सगुणा : ठावं हाय. उधानाच्या आधी पोरांना कळव्याला आईकडं धाडते. घर राखाया मी राहीन.