कागदाची पट्टी

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. समोरच्या बाकावर दोन शिक्षिका बसल्या होत्या. थोरली धाकटीवर खूश होती.

“अगं, आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर सगळीकडे तूच! ती चौथीतली मुलगी, एक ओळ धड वाचता येत नव्हती, तिचा व्हिडिओ.”

“उपाय विचारायला टाकला होता, ताई. ती नेमकी कुठे अडते, ते दिसावं म्हणून.”

“मग मिळाला की उपाय!”

“मिळाला ना. कुणीतरी लिहिलं, ओळ कागदाच्या पट्टीने झाका आणि एकेक शब्द उघडा करत न्या. रोज तसंच केलं. लागली वाचायला.”

“बघ! मग तोंड पाडून काय बसलीस?”

“ग्रुपमधल्याच कुणीतरी तो व्हिडिओ बाहेर टाकला. त्याच्याखाली लोक वाट्टेल ते लिहितायत.”

“लोकांचं तोंड कोण धरणार? पोरीला कुठे कळतंय?”

“परवा आईच्या फोनवर दिसला तिला. आई म्हणाली, बंद कर. ऐकेचना. दप्तरातून पट्टी काढली आणि फोनवर धरली.”

“अगं बाई…”

“मी शिकवलं तसंच. एकेक शब्द उघडा करत, मोठ्याने. शेवटपर्यंत वाचलं सगळं.”

“काय काय लिहिलं होतं?”

“ते आईने नाही सांगितलं. एवढंच म्हणाली, ‘बाई, एकदासुद्धा अडखळली नाही हो.’”