निळ्याचा आकडा

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ठमे, तू होय! थांब, थांब जरा, कपड्यांचं मशीन फिरतंय इथं, काही ऐकू येत नाही… हं. बंद केलं. बोल आता.

हो, हो, पाहिलं ना. काल बातम्यांत पाहिलं तुला. निळा कोट छान दिसत होता हो… बापासारखीच मान तिरकी करून बोलतेस अजून… ऐकलं गं, शब्द न् शब्द ऐकला. 'माझ्या बाबांनी चित्रकथेतली ससाणी गोरी काढली, चाळीस वर्षं ती तशीच आहे, सिनेमावाल्यांना तिचा वंश बदलून तिला काळी करायचा काय अधिकार?'… नाही, चुकलं कुठं म्हणतेय मी? चांगलं बोललीस. तू नेहमीच चांगलं बोलतेस…

आवाज? माझ्या आवाजाला काय झालंय?… सर्दी आहे. सकाळपासून नाक गळतंय… घेतली गं गोळी, घेतली.

चार वाजता ना? आहे लक्षात. तुझा माणूस चार वाजता येणार, मी पाकीट त्याच्या हातात द्यायचं, आणि पाच वाजता तू ती पानं पत्रकारांना दाखवणार… हो, समोरच आहे टेबलावर. छापखाना सोडताना घरी आणलं, तेव्हापासून कपाटाच्या वरच्या फळीवर होतं, स्टुलावर चढून काढलं… आता चढले ते चढले, पडले नाही ना? मग कशाला ओरडतेस!

अगं ऐक ना… ऐक. ते पाकीट न्यायलाच हवं का आज?… नाही, वाळवी नाही लागली. ओल नाही, उंदीर नाही, कसलं काही नाही. पानं जशीच्या तशी आहेत. तेच तर… काही नाही. म्हटलं, तेच तर नवल.

बरं, एक विचारू? त्या पोरीला भेटलीस का तू? त्या नटीला गं, जिला ससाणी केलीय… नाही भेटलीस. वीस वर्षांची असेल नसेल. मी वाचलं लोकांनी तिला काय काय लिहिलंय ते. शेजारची मोबाइलवर वाचून दाखवत होती, मीच म्हटलं पुरे कर… माहीत आहे, तू नाही लिहिलंस तसलं. तुझं काही तिच्याशी वैर नाही. पण तुझंच वाक्य पुढं करून लिहितायत ना ते सगळे. 'खुद्द चित्रकाराची मुलगी म्हणते,' असं… हो, तुझा काय दोष त्यात. बरोबर आहे.

हं… हं… नवी नायिका काढा म्हणतेस. काळ्या मुलींसाठी काळी नायिका नव्यानं काढा, जुन्या चित्रावर ब्रश कशाला फिरवता… पटतंय गं मला. काय? उद्या कुणी मुळातल्या काळ्या माणसाला गोरा करून दाखवला तर आपण गप्प बसू का? नाही बसणार. चवताळून उठू. तेच ना? मी तेच म्हणतेय. तेच झालंय.

झालंय, म्हणतेय मी. होऊन गेलंय. बेचाळीस वर्षांपूर्वी.

कुणी काय, मी! मी केलंय.

…

हॅलो? आहेस ना?… नाही, गोळीची गुंगी नाही. आणि म्हातारचळही नाही लागलेला. तू कुठं आहेस? गाडी चालवतेयस?… मग बाजूला घे. घे म्हणते ना! मला हे एकदाच बोलता येणार आहे, दुसऱ्यांदा नाही जमायचं… घेतलीस? काच वर कर. हॉर्न ऐकू येतायत.

तिचे केस बघितलेस कधी? ससाणीचे. नीट आठव… कुरळे. बारीक, दाट, डोक्याभोवती उभे. कुणाचे आहेत तसे? तुझ्या आईचे होते. समुद्रापलीकडून आली ती, तिच्या माणसांत सगळ्यांचेच तसले. आणि तुझे. आता त्या नटीचे केस कुरळे का, म्हणून एकानं तरी ओरड केली का? नाही केली. कारण केस शाईचे. शाई तुझ्या बाबांच्या हातची, तिला हात लावायची माझी टाप नव्हती. माझ्या हातात होता तो फक्त रंग.

सांगते ना, तेच सांगतेय. तुझे बाबा पान काढायचे काळ्या शाईत. मग ते माझ्या टेबलावर. मी त्याच्या छोट्या नकलेवर पाण्याचे रंग भरायचे, आणि कडेला आकडे लिहायचे, कुठं कुठला रंग किती. छापणारा चित्र बघत नाही बाई, आकडा बघतो. ससाणीच्या कातडीचा आकडा पहिल्या दिवशी मी लिहिला होता, पिवळा चार, लाल तीन, निळा दोन. काय होतो रंग, माहीत आहे? तपकिरी. छान, गडद, ऊबदार तपकिरी. त्यातला निळा काढून घेतला आणि लाल एकावर आणला की होते गोरी.

हो. तशी होती ती. पहिल्या पानापासून… मला कसं माहीत म्हणजे? पान समोर आहे माझ्या! या पाकिटात हेच आहे गं, तू जे दाखवायला निघालीस ते. पाच वाजता सगळ्यांसमोर उघडलं असतंस आणि आतून काळी ससाणी निघाली असती. तुझी अशी फजिती कशी होऊ देऊ? म्हणून बोलले, नाहीतर… नाहीतर खरंच सांगते, आजही मूग गिळूनच बसले असते मी. इतकी वर्षं बसले तशी.

कशामुळे म्हणजे… थांब, पाणी पिते.

हं. चाचणीची छपाई आली. कागद आमचा हलका, शाई फुटायची. तपकिरीत काळ्या रेघा बुडाल्या, नाक-डोळे दिसेनात. मालक म्हणाले, हे काय डांबर फासलंय, गोरी करा, अर्ध्या तासात पान पाहिजे. आता ऐक. मार्ग होता. मला ठाऊक होता. निळा दोनाचा एक केला असता, चेहऱ्याभोवती उजेड धरला असता, तर रेघा वर आल्या असत्या आणि रंगही राहिला असता. पण त्याला दुसरी चाचणी लागली असती. एक दिवस लागला असता. मालकांना 'एक दिवस थांबा' म्हणायचं होतं. बस्स, एवढंच वाक्य होतं, ठमे, आणि माझ्या तोंडून नाही निघालं. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार! रबर घेतला, निळ्याचा आकडा खोडला, लालाचा तीनाचा एक केला. म्हटलं, या अंकापुरतं.

…

बाबांना? अंक छापून आला तेव्हाच कळलं त्यांना. माझ्या टेबलाशी आले, हातात अंक. रागावले असते तर बरं झालं असतं. मला म्हणतात, 'छापखान्यात चूक झाली ना? चुकून झालं ना?' आणि मी म्हटलं, हो, चुकूनच झालं.

खोटं बोलले. त्यांच्या तोंडावर, धडधडीत. त्यांनी विश्वास ठेवला. म्हणाले, असू दे, पुढच्या वेळी सुधारू. आणि पुढच्या वेळेपर्यंत अंक संपला, पत्रांची पोती आली, मालक म्हणाले आता खबरदार, हिला हात लावायचा नाही. मग काय! दर महिन्याला पान यायचं, मी कडेला लिहायचे, 'मागल्याप्रमाणे.' आकडेसुद्धा नाही लिहावे लागायचे. दोनच वर्षांनी मी नोकरी सोडली, पण माझ्यानंतरच्या पोरांनीही तेच लिहिलं. मागल्याप्रमाणे, मागल्याप्रमाणे. बेचाळीस वर्षं. मागलं काय होतं, ते बघायला कुणी मागं गेलंच नाही.

त्याबद्दल बोलले नाहीत ते पुन्हा कधी. कळलं असणार त्यांना. हुशार माणूस. फक्त केस वाढवत नेले तिचे. तू म्हणायचीस ना, बाबा, ससाणी कटिंग का करत नाही? मला हसू नाही यायचं तेव्हा. दर अंकात केस जास्त दाट, जास्त कुरळे. जे त्यांच्या हातात होतं ते त्यांनी सोडलं नाही.

काय?… तू? तू कशी यात?… अगं बाई, तुला अजून कळलं नाही होय?

बरं. तुला खिडकी आठवते? छापखान्यातली माझी, जिन्याजवळची. तू सहा वर्षांची. बाबांनी तुला माझ्या शेजारी स्टुलावर बसवलं, दिवसभर. मला रंगमावशी म्हणायला तू त्याच दिवशी लागलीस. मी तुझ्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, रंगाच्या पट्ट्या ओढत होते. गुदगुल्या होतात म्हणून लाथा झाडत होतीस आणि माझं पाणी सांडलंस… आठवतंय? खरंच?… हो! सहावी! सहावी पट्टी दिसेनाच! ओढली ती ओढली आणि हातात गडप झाली. 'रंगमावशी, पट्टी कुठं गेली?' म्हणून तू बोट फिरवून शोधत होतीस. तो खेळ नव्हता, ठमे. मी रंग जुळवत होते. तुझा. चार, तीन, दोन. सहाव्या पट्टीचा आकडा.

…

रडू नकोस… बरं, रड. मी कोण नको म्हणणारी.

वाचून दाखवू? थांब, चष्मा… कपाळावरच आहे मेला. पेन्सिलीनं लिहिलंय बाबांनी कोपऱ्यात, पुसट झालंय. 'कातडीला आमच्या धाकटीचा रंग. तिला शेजारी बसवून जुळवावा. अंदाजाने नको.'… एवढंच. खाली त्यांची सही.

'अंदाजाने नको' असंच लिहिलंय, हो.

…

नाही. नाही गं, तू मूर्ख नाहीस. तुला छापलेलं चित्र दिसत होतं ते तू खरं मानलंस. बापाची वस्तू कुणी बदलू नये म्हणून भांडलीस. चोर राहिला घरात आणि तू दार अडवून बसलीस रस्त्यावरच्यांसाठी, त्यात तुझी काय चूक?

काय म्हणालीस?… नाटकाचं? शाळेतलं?

आठवतंय.

माहीत होतं, हे विचारशील. तू दुसरीत. तुला ससाणी व्हायचं होतं आणि त्यांनी तुला चोर केलं. ससाणी तुझ्यासारखी नसते म्हणाले. तू पावडरचा अख्खा डबा तोंडाला फासून आलीस छापखान्यात. बाबा बाहेर गेले होते. माझ्यापुढं उभी राहिलीस, डोळ्यांखाली दोन ओघळ, आणि विचारलंस, 'आता झाले का मी ससाणी?'

त्या दिवशी का नाही सांगितलं… काय सांगू तुला? तेव्हा सांगायचं होतं. त्याच दिवशी. नंतर नोकरी गेली असती, घर गेलं असतं, काय व्हायचं ते झालं असतं. आता सांगणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. मी काय केलं सांगू? फडकं ओलं केलं, तुझं तोंड पुसलं, कानामागचंसुद्धा. तुला एक गोळी दिली लिमलेटची. तू गेलीस जिन्यानं उड्या मारत. मग मी टेबलाशी बसले, पुढचं पान ओढलं, आणि कडेला लिहिलं, मागल्याप्रमाणे.

…

हॅलो?

ठमे, काहीतरी बोल. शिव्या दे. दे गं, मला चालेल.

…

बेल वाजतेय बघ. चार झाले. तुझा माणूस आला असणार. काय करू? देऊ त्याला, की परत पाठवू? तू म्हणशील तसं. तू नाही म्हणालीस तर पाकीट वर फळीवर जाईल आणि मी मरेपर्यंत कुणाला काही… ठमे? ऐकतेस ना?… हॅलो?… हॅलो?

कट केला.

…आले हो, आले! वाजवू नका सारखी, गुडघे धरलेत माझे… हो, हेच घर. त्यांनीच पाठवलंय ना तुम्हाला?… हो, हेच पाकीट. फोनवर होते, त्यांच्याशीच बोलत होते… नाही, त्या काही म्हणाल्या नाहीत.

घ्या. दोन्ही हातांनी धरा. आणि गाडीत पुढं काचेशी ठेवू नका बरं. पाण्याचे रंग आहेत, उन्हानं उडतात.