बिनसावलीच्या माणसाचा चेहरा

(नालासोपाऱ्यातलं एक डायलिसिस केंद्र. दुपार. खुर्चीत जगन्नाथ, हाताला नळ्या लावलेल्या. शेजारी स्टुलावर पुतणी हेमांगी.)

जगन्नाथ : आज वही नाही आणलीस?

हेमांगी : राहिली घरी.

जगन्नाथ : पेन्सिल कानावर नि वही घरी. बरं.

हेमांगी : काका, झोपा थोडं. अजून तीन तास आहेत.

जगन्नाथ : माझ्या पिशवीत बघ. टॉवेलाखाली.

हेमांगी : ...हे कॉमिक तुम्हाला कुठे मिळालं?

जगन्नाथ : आमच्या मितेशने आणलं, त्याच्या रिद्धीसाठी. टीव्हीवरची ‘बिनसावलीचा’ मालिका मध्येच बंद पडली ना, तिची पुढची गोष्ट. आत ‘चित्रे : हेमांगी’ छापलंय म्हणून तुझा भाऊ आगाशीच्या बाजारात दाखवत फिरला.

हेमांगी : तुम्ही बघितलंत?

जगन्नाथ : टीव्हीवर तो रक्तपिशाच्च चांगला तरणाबांड होता. पुस्तकात एवढा खंगला कसा गो?

हेमांगी : त्या नटाने चेहरा वापरू दिला नाही. प्रकाशक म्हणाले, आठ दिवसांत नवा चेहरा द्या. मग आम्ही ठरवलं, तो शंभर वर्षं उपाशी होता, म्हणून म्हातारा झाला.

जगन्नाथ : म्हातारा शोधायला लांब जावं लागलं नाही तुला.

हेमांगी : वहीत तुमची इथे बसून काढलेली तीस-चाळीस चित्रं होती, काका. गालांची खाच, डोळ्यांखालचं काळं, सगळं आयतं. शवपेटीत झोपलेला दाखवायचा होता. मी फक्त सुळे जोडले. वाटलं, कोण ओळखणार?

जगन्नाथ : भुवईतला वण तरी पुसायचास. झावळी पडली होती तेव्हाचा. सगळी आळी ओळखते तो.

हेमांगी : तो... तो चांगला दिसत होता.

मर्सी : (इथली नर्स, मशीन तपासायला येत) अंकल, हात सरळ ठेवा. प्रेशर ठीक आहे. आणि ताई, चित्र एकदम सेम हां! चार नंबरच्या खुर्चीवाल्या पेशंटनी तर ह्यांना रक्ताची बाटलीच ऑफर केली.

जगन्नाथ : तू जा गो मर्सी, तुझी मशीन बघ.

हेमांगी : इथेही सगळ्यांनी बघितलं?

जगन्नाथ : हसू दे त्यांना. इथे हसायला दुसरं काय आहे? पण रविवारपासून रिद्धी मांडीवर येत नाही.

हेमांगी : माझ्यामुळे?

जगन्नाथ : हाताची पट्टी बघितली नि विचारते, आजोबा, तुम्ही कोणाचं रक्त पिता? म्हटलं, बाय, माझंच बाहेर जातं नि धुऊन परत येतं. ऐकलं तिने. पण दाराआडून.

हेमांगी : आज मी तुमच्याबरोबर घरी येते. तिला सांगते, आजोबांना न विचारता मी त्यांचा चेहरा घेतला. आणि दुसरा अंक संध्याकाळी छापायला जातोय, तो थांबवते. सगळे चेहरे नवीन काढते.

जगन्नाथ : किती पानं?

हेमांगी : बत्तीस.

जगन्नाथ : पुढचं काम देतील का मग तुला?

हेमांगी : माहीत नाही. काका, ओरडा ना माझ्यावर.

जगन्नाथ : ओरडून काय? तुझ्या काकूने ओटीवर खिळा ठोकून घेतलाय. तिला वाटलं, तू माझं चित्र फ्रेम करून देशील.

हेमांगी : तुम्ही झोपलेले असायचात, म्हणून विचारलं नाही. उठल्यावर तरी विचारायला हवं होतं.

जगन्नाथ : झोपलो नव्हतो.

हेमांगी : कोणत्या दिवशी?

जगन्नाथ : कोणत्याच. तुझी पेन्सिल सुरू झाली की डोळे मिटून घ्यायचो. मान अवघडायची, नाकाला खाज सुटायची. पण हललो नाही. म्हटलं, पोरीचं चित्र बिघडेल.