चौदा नंबरचं पोतं

कळमनुरीच्या बसस्थानकात हिंगोलीच्या गाडीसाठी उभ्या असलेल्या माणिकराव गुरुजींच्या पुढे एक सासू आणि सून होत्या. सुनेचा आवाज चढला, तसे गुरुजींचे कान नको म्हणता तिकडे वळले.

"आत्या, हळदीच्या पोत्यात किडीची गोळी टाकली तुमी? काहून?"

"ज्वारीत न्हाई टाकत का आपण?"

"हळदीत औषध हाय का, ते कंपनी तपासून घेती. समदी हळद एकाच ढिगात पडती. आपल्यापायी गटातल्या चाळीस बायांचा माल वापस येईल!"

"गोळी कोणी टाकली, कोणाला कळतंय? गप बस."

"दोन पोतेवालीला मोंढ्याच्या बाजारात कोण विचारत होतं, आत्या? ही कंपनी दारात येऊन चांगला भाव देऊन राहिली. हळदीचा टेम्पो कंपनीत पोचला असंल आता."

"मंग सांग जा. पडू दे आपलं पोतं वापस येऊन घरी. मला काय, तुमच्या गटात मी थोडीच हाय!"

गाडी लागली. रांग सरकली. त्या दोघी जागच्या हलल्या नाहीत, आणि गुरुजीही.

"आण तो फोन इकडं."

"काय सांगता, आत्या?"

"हॅलो, कंपनीवाले सायेब? चौदा नंबरचं पोतं ढिगात ओतू नका. त्यात गोळी हाय, म्या टाकली. कोण म्हंजे? भागाबाई. गटातली."